इंदूरजवळ दोन-चार एकर रान घ्यायचं असेल तर

इंदूरच्या मराठी घरांत जमिनीची चर्चा नवी नाही. पूर्वी निवृत्तीच्या पैशातून बायपासपलीकडे प्लॉट घ्यायचा, जमलं तर फार्महाउस बांधून हिरवळ लावायची, असा बेत असे. आता मात्र बरेच जण वेगळंच विचारतात. हिरवळ नको, पोहण्याचा तलाव नको. चोरल, सिमरोल किंवा मानपूरच्या बाजूला थोडं रान असावं, तिथे मोर यावेत, नातवंडांना काजवे दिसावेत, आपल्याला झाडाखाली निवांत बसता यावं. ही इच्छा मला फार मोलाची वाटते. शहर ज्या वेगाने दक्षिणेकडे सरकतंय, त्यात असे चार-चार एकरांचे राखलेले तुकडे पक्ष्यांना आणि लहान जनावरांना मोठा आसरा ठरतात. रालामंडल अभयारण्य आज आपल्याला केवढं वाटतं! होळकरांची ही जुनी शिकारगाह १९८९ साली अभयारण्य झाली, आणि तिचा सगळा विस्तार जेमतेम २३५ हेक्टर आहे.

पण रान घेणं हे प्लॉट घेण्यासारखं नाही, आणि सांभाळणं हे बाग सांभाळण्यासारखं तर मुळीच नाही. आपल्या भागात रान बहुतेक ठिकाणी लावावं लागत नाही, ते राखावं लागतं. जमीन कुठली बघायची, पैसा कशावर खर्च करायचा, गावाशी कसं वागायचं, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

जमीन मे महिन्यात बघा

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. सांवेर, देपालपूर, हातोदकडे गेलं की खोल काळी माती लागते. ही गहू-सोयाबीनची जमीन, पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेली. दक्षिणेला महू आणि सिमरोल ओलांडलं की पठार संपून विंध्याचा उतार नर्मदेकडे झेपावतो. पातालपाणी, कालाकुंड, जानापाव, चोरलचं खोरं हा सगळा तोच कडेचा पट्टा. इथे मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि काळा खडक. शेतीला नकोशी वाटणारी हीच जमीन रानासाठी उत्तम.

पाऊस वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने झाडांनी साठवणीवर काढायचे. म्हणून इथलं रान पानगळीचं आहे: सागवान, धावडा, सालई, तेंदू, मोह, पळस, बेल, आवळा, बहावा, काटेसावर, कुसुम. फेब्रुवारी-मार्चपासून ही झाडं पानं टाकतात आणि एप्रिलमध्ये सगळं रान वाळल्यासारखं दिसतं. नव्या मालकांचा जीव इथेच घाबरा होतो आणि टँकर मागवले जातात. त्याची गरज नसते. पानं टाकणं हाच त्या झाडांचा उन्हाळ्यातला बचाव आहे.

दलाल जमीन दाखवतात ती ऑगस्टमध्ये. तेव्हा माळव्यातलं उकिरड्याच्या ढिगाऱ्याचं टोकसुद्धा हिरवं असतं. तुम्ही मे महिन्यात जा, दुपार टळल्यावर. तेव्हा जमीन काही लपवू शकत नाही. खोडांवर वणव्याचे काळे डाग किती उंचीपर्यंत आहेत, ताजी तोडलेली खुंटं किती, शेळ्यांच्या लेंड्या कुठवर पसरल्यात, नाल्यात कुठे ओल उरलीय का, हे सगळं एका फेरीत कळतं.

आणि खाली वाकून बघा. गुडघाभर उंचीची, झुडपासारखी दिसणारी जी दाट झुबकी दिसतात, त्यातलं एक हाताने बाजूला करा. मधोमध मनगटाएवढी, कधी मांडीएवढी जाड गाठ दिसेल, गाठीवर जुन्या घावांचे वळ, आणि तिच्यातून फुटलेल्या आठ-दहा बोटभर जाड काड्या, प्रत्येकीचं टोक खुडलेलं. हे झुडूप नाही. हे धावड्याचं किंवा सागवानाचं जुनं झाड आहे. दर वर्षी वर येऊ पाहतं आणि दर वर्षी तोडलं किंवा खाल्लं जातं. मुळं मात्र खाली जिवंत आहेत, कदाचित तुमच्या-माझ्याहून जुनी. अशी खुंटं जमिनीत भरपूर असतील तर एक रोपही न लावता रान उभं राहतं, कारण तयार मुळांवरचा फुटवा पिशवीतल्या रोपापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतो. म्हणून दोन जमिनींमध्ये निवड करायची झाली, तर चार मोठी झाडं आणि खाली मोकळी जमीन असलेल्या तुकड्यापेक्षा, अजिबात झाड नसलेला पण अशा खुंटांनी भरलेला तुकडा मी आधी घेईन.

सगळ्या मोकळ्या जमिनी रान व्हायला आसुसलेल्या असतात असंही नाही. धार-रतलामकडचे गवताळ माळ हे मुळातच गवताचे प्रदेश आहेत. खरमोर हा दुर्मीळ पक्षी पावसाळ्यात तिथे गवतातून उंच उड्या मारत मादीला साद घालतो, आणि त्याच्यासाठीच १९८३ साली सैलाना आणि सरदारपूर ही अभयारण्यं झाली. असा माळ तुमच्या वाट्याला आला तर त्यावर झाडं लावणं म्हणजे तिथल्या जिवांना हुसकावणं आहे. तो गवताचाच ठेवा.

कागदपत्रं: इथे घाई करू नका

महाराष्ट्रात किंवा गुजरातेत शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. मध्य प्रदेशात तशी अट नाही. बँकेत नोकरी केलेला माणूसही इथे शेतजमिनीचा भूमिस्वामी, म्हणजे मालक, होऊ शकतो. त्यामुळे व्यवहार सोपे वाटतात, आणि त्यातच लोक फसतात.

सगळ्यात आधी खसरा (जमिनीच्या प्रत्येक तुकड्याची महसुली नोंद) आणि बी-१ (खातेदाराच्या नावचा उतारा) काढा. चालू वर्षाचा खसरा ऑनलाइन मिळतो, पण तेवढ्यावर थांबू नका. तहसिलीतून जुन्या बंदोबस्तापासूनच्या (महसुली मोजणीपासूनच्या) नकला काढा आणि त्या जमिनीचं मूळ काय ते बघा. तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, ‘छोटे झाड का जंगल’ किंवा ‘बडे झाड का जंगल’ ही नोंद. मध्य प्रदेशच्या महसुली दफ्तरात हजारो खसऱ्यांवर ती आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशात सांगितलं की दफ्तरात जंगल म्हणून नोंदलेली जमीन, मग मालक कुणीही असो, वन संरक्षण कायद्याखाली येते. तो १९८० चा कायदा २०२३ मध्ये दुरुस्त झाला, नावही बदललं, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन जंगलाचा तो व्यापक अर्थच तूर्त पाळायला सांगितला. अशी नोंद असेल तर तिथे खोलीसुद्धा बांधता येणार नाही, आणि मालकी मुळात खाजगी कशी झाली हा प्रश्न वेगळाच. माझं मत विचाराल तर अशा जमिनीच्या वाटेला जाऊ नये. जंगल आणि महसूल या दोन्ही खात्यांच्या नकाशांत एकाच जमिनीवर हक्क दाखवला गेल्याचे वाद या राज्यात पुष्कळ आहेत, म्हणून वनमंडळ कार्यालयातूनही लेखी विचारून घ्या. जागेवर गेलात की वन विभागाचे दगडी मुनारे, म्हणजे हद्दीचे खांब, कुठे आहेत ते शोधा. मुनारा तुमच्या हद्दीच्या आत दिसला तर सौदा तिथेच थांबवा.

दुसरी गोष्ट, जमीन कुणाला कशी मिळाली होती. भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम १६५ प्रमाणे शासनाने पट्ट्यावर दिलेली जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. त्याच कलमाने आदिवासी भूमिस्वामीच्या जमिनीलाही संरक्षण दिलंय. आदिवासीबहुल म्हणून अधिसूचित केलेल्या भागात ती बिगर आदिवासीकडे जाऊच शकत नाही, इतरत्र कलेक्टरची परवानगी लागते. चोरल आणि मानपूरकडे भिल्ल-भिलाला कुटुंबांची शेतं बरीच आहेत. ‘आधी रजिस्ट्री करू, परवानगी मागाहून’ असं कुणी म्हणालं, किंवा दुसऱ्या आदिवासी माणसाच्या नावावर घेऊन ठेवण्याचा मार्ग सुचवला, तर त्या दलालाला नमस्कार करा. कायदा कडक आहे, आणि तो असायलाच हवा. ज्यांच्या जमिनी कवडीमोलाने गेल्या त्यांच्यासाठी तो केलेला आहे. देवस्थानाच्या जमिनीही अशाच बघाव्या लागतात. खसऱ्यावर देवाचं नाव आणि प्रबंधक म्हणून कलेक्टर असेल, तर पुजाऱ्याला ती विकण्याचा अधिकार नाही.

तिसरी गोष्ट, वारस. विकणारे तीन भाऊ सहीला तयार असतात आणि बहिणींचा उल्लेखच नसतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सगळ्यांची सही किंवा रीतसर हक्कत्याग हवा.

मग सीमांकन. संहितेच्या कलम १२९ खाली तहसिलीत अर्ज करायचा, शेजाऱ्यांना नोटीस जाते, आर.आय. (महसूल निरीक्षक) आणि पटवारी येऊन मोजतात, पंचनामा होतो. हे रजिस्ट्रीच्या आधी करून घ्या आणि स्वतः हजर राहा. शेतात पीक उभं असताना मोजणी अडते, त्यामुळे उन्हाळ्यातच करावी लागते. रस्त्याचंही तेव्हाच बघा. रानाचे तुकडे बहुतेक वेळा कुणाच्या तरी शेतापलीकडे असतात, आणि आज हसतमुखाने जाऊ देणारा शेतकरी उद्या जमीन विकून गेला की नवा मालक तार लावतो. कलम १३१ प्रमाणे वहिवाटीच्या रस्त्याचा वाद तहसीलदार सोडवतो खरा, पण नकाशावर दाखवलेला रस्ता असणं कधीही बरं. रजिस्ट्रीनंतर नामांतरण करून खसऱ्यावर नाव चढेपर्यंत काम पुरं झालं असं समजू नका.

अलीकडे ‘फॉरेस्ट लिव्हिंग’च्या नावाने मोठ्या शेतजमिनीचे दहा-वीस हजार चौरस फुटांचे तुकडे विकले जातात. कागदावर तुम्हाला मिळतो एका मोठ्या खसऱ्यातला अविभाजित हिस्सा. नकाशात स्वतःची हद्द नाही, बाकीचे मालक काय करतील यावर ताबा नाही. प्रत्येकाने आपापलं कुंपण आणि दिवे लावले की रान उरतच नाही. रानासाठी हा मार्ग मला पटत नाही. त्यापेक्षा चार मित्रांनी मिळून सलग पाच एकर घ्यावेत, आणि कोण काय करणार ते लिहून ठेवावं.

झाडं तुमची, तरी सगळं तुमच्या हातात नाही

संहितेच्या कलम १७९ प्रमाणे भूमिस्वामीच्या जमिनीतली झाडं त्याचीच. पण तोडणं आणि वाहून नेणं यावर नियम आहेत. काही जातींना सूट दिली गेली होती, सागवानासारख्या मौल्यवान झाडाला नाही. ते पाडण्याआधी परवानगी आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना, म्हणजे ज्याला सगळे टी.पी. म्हणतात तो, दोन्ही लागतात. तेंदूपत्त्याचा व्यापार १९६४ च्या कायद्याने शासनाच्या हातात आहे, त्यामुळे स्वतःच्या झाडाची पानंही बिडीवाल्याला परस्पर विकता येत नाहीत.

एक चांगला कायदा मात्र फार थोड्या लोकांना माहीत आहे. मध्य प्रदेशात २००१ साली लोकवानिकी अधिनियम झाला, खास खाजगी जंगलांच्या व्यवस्थापनासाठी. यात चार्टर्ड फॉरेस्टर, म्हणजे मान्यताप्राप्त वनतज्ज्ञ, तुमच्या रानाची पाहणी करून व्यवस्थापन आराखडा तयार करतो, तो मंजूर होतो, आणि मग त्या आराखड्याप्रमाणे विरळणी किंवा तोड करता येते. तुम्हाला लाकूड विकायचं नसलं, तरी असा आराखडा करून घेणं फायद्याचं आहे. कुठे कोणत्या जातीची किती झाडं, किती जाडीची, नवे फुटवे किती, हे एकदा मोजून कागदावर येतं.

वन्यजीवांच्या बाबतीत मालकी चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी घेणं आणि घरटं मोडणं हेही शिकारीच्या व्याख्येत येतं, खाजगी जमिनीवरही.

राखायचं म्हणजे नेमकं काय

शत्रू चार: चराई, वणवा, कुऱ्हाड आणि घाणेरीचं (लँटानाचं) झुडूप. यातल्या पहिल्या तिघांचा बंदोबस्त गावातल्या माणसांशी बोलूनच होतो. आपण इंदूरहून रविवारी येणार. उरलेले सहा दिवस ते रान गावाच्या डोळ्यांसमोर असतं.

जमीन घेतल्याबरोबर काटेरी तार ठोकणारे लोक मी पाहिलेत. तार महिन्याभरात कापली जाते, कारण त्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या गुरं पाण्याला जात होती आणि कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. आधी गावात जाऊन बसा. कुणाची गुरं येतात, कुठून येतात, पाणी कुठे पितात हे समजून घ्या. पाण्याची वाट मोकळी ठेवा. आणि चराईच्या बदल्यात गवत द्या. पावसाळाभर गुरं आत नाहीत, पण ऑक्टोबरमध्ये गवताचं बी गळून पडलं की गावकऱ्यांनी विळ्याने गवत कापून न्यावं, फुकट. त्यांना एकदम भारेच्या भारे चारा मिळतो, तुमचे फुटवे वाचतात, आणि मार्चमध्ये पेटायला वाळलेलं गवत उरत नाही. एका सवलतीत तीन कामं होतात. माझ्या मते रान राखण्याचा याहून स्वस्त आणि माणुसकीचा उपाय दुसरा नाही. चौकीदारही त्याच गावचा ठेवा. वर्षाचा सगळ्यात मोठा खर्च त्याच्या पगाराचा असेल, तो नियमित द्या.

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो. आपल्या भागात आग आपोआप लागत नाही, ती माणसाच्या हातून लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली सागवानाच्या वाळल्या पानांचा खच असला की फुलं दिसत नाहीत, म्हणून वेचणारे झाडाखालची पानं पेटवून देतात. वारा आला की ती आग पसरते. मोहाची वेचणी बंद करायला जाऊ नका. कित्येक घरांचं त्यावर चालतं, आणि कोणतं झाड कुणी वेचायचं हे गावात ठरलेलं असतं. त्याच बायकांना भेटून सांगा की फुलं तुमचीच, फक्त आग नको. झाडाखालची जागा आपल्या माणसाकडून झाडून द्या, किंवा जाळी, जुन्या साड्या अंथरायला द्या. फुलंही स्वच्छ मिळतात, त्यांना भाव बरा येतो. शिवाय जानेवारीअखेर हद्दीलगत तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा काढा, म्हणजे तेवढ्या पट्ट्यातलं गवत-पाचोळा साफ करा. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीच्या सूचना मोबाइलवर पाठवते. त्यासाठी कुणालाही नोंदणी करता येते.

हद्दीला तारेऐवजी दगडी पाळ, चर किंवा जिवंत कुंपण करा. थोर, करवंद, सागरगोटा यांचं कुंपण शेळ्यांना अडवतं आणि मुंगूस, ससे, साळिंदर यांना जाऊ देतं. घरच्या विजेचा प्रवाह तारेत सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्याने दर वर्षी माणसं आणि जनावरं मरतात.

घाणेरीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण यात सगळे चुकीच्या बाजूने सुरुवात करतात. फुलं सुंदर दिसतात, फुलपाखरंही येतात, पण तिच्या गचपणाखाली गवत उगवत नाही आणि सागवानाचा फुटवा वर येत नाही. वरून कापली तर दुप्पट फुटते, पेटवली तरी फुटते. तिचं मर्म खोड आणि मुळाच्या सांध्यात आहे. पहिल्या पावसाने माती मऊ झाली की फांद्या एका बाजूला दाबून धरायच्या, कुदळीने बुंध्याभोवतीची माती दोन-तीन बोटं उकरायची आणि मुख्य मूळ मातीखालीच तोडायचं. मग अख्खं झुडूप उपटून उलटं करून, मुळं आकाशाकडे, तिथेच रचून ठेवायचं. मातीला टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते, म्हणून उलटं. फळं धरण्याआधी हे झालं पाहिजे. पुढच्या पावसाळ्यात पक्षी जिथे बसतात त्या झाडांखाली नवी रोपं उगवलेली दिसतील, ती हाताने उपटता येतात. एकदम सगळं साफ करू नका. काही भागांत घाणेरी हाच ससे-तितरांचा एकमेव आडोसा उरलेला असतो. पट्टे पाडून तीन-चार वर्षांत संपवा, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तिथल्याच गवताचं बी फेका.

फुटव्यांची विरळणी हे हिवाळ्यातलं काम. एका गाठीवरच्या आठ-दहा काड्यांपैकी सगळ्यात सरळ, निरोगी अशा एक-दोन ठेवायच्या, बाकी धारदार कोयत्याने बुंध्याशी कापायच्या. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत तिथे डोक्यावरून जाणारं झाड असतं. मात्र प्रत्येक गाठ अशी ‘सुधारू’ नका. काही झुबके तसेच झुडपी राहू द्या, घरट्यांसाठी ते लागतात.

लावायचंच असेल तर

खोल काळ्या मातीचं, वर्षानुवर्षं नांगरलेलं शेत घेतलं असेल तर खाली मुळं उरलेली नसतात आणि लागवड करावीच लागते. आधी काटक झाडं: बाभूळ, हिवर, पळस, करंज, शिसम. नाल्याकाठी अर्जुन, जांभूळ, उंबर. वड, उंबर एक-दोन तरी हवेतच, कारण भर उन्हाळ्यात बाकी काही पिकलेलं नसताना त्यांची फळं हरियाल, धनेश, उदमांजर आणि वटवाघळांना जगवतात. रोपं वन विभागाच्या रोपवाटिकांतून घ्या, कमरेएवढी उंच, आणि जूनअखेर दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा. कडुनिंब, बोर पक्षीच आणून टाकतील. गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी, विलायती बाभूळ नको.

मियावाकी पद्धतीबद्दल हमखास विचारलं जातं. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची ही पद्धत, चौरस मीटरला तीन-चार रोपं दाटीने लावण्याची. शहरातल्या एखाद्या कोपऱ्यात धूळ आणि आवाज अडवायला ती चालेल. विंध्याच्या उतारावर नाही. इथलं रान मुळात मोकळं, ऊन जमिनीपर्यंत पोहोचणारं, झाडांमध्ये गवत असलेलं आहे. सशाला, तितराला, नीलगायीला तेच हवं असतं.

पाण्यासाठी उतारावर छोटे दगडी बांध आणि समतल चर पुरतात. चर खणताना जुन्या गाठी तोडू नका. पाणवठा करायचा तर उथळ, एका बाजूने हळूहळू उतरणारा. सरळ भिंतींची सिमेंटची टाकी असेल तर आत दगडांचा उतार रचा, नाहीतर रात्री पाण्याला आलेलं साळिंदर किंवा घोरपड आत पडून बाहेर येऊ शकत नाही.

वाळलेलं झाड उभं दिसलं की आपल्याला साफसफाई सुचते. ते ठेवा. तांबट आणि सुतार पक्षी अशाच मऊ झालेल्या लाकडात बीळ कोरतात, त्यांनी सोडलेल्या ढोलीत मग पिंगळा, पोपट, साळुंकी राहतात. वाटेवर पडण्याचा धोका असेल तेवढंच काढा. पाचोळाही झाडू नका. मे-जूनमध्ये येणारा नवरंग पक्षी पाचोळ्यातच किडे-गांडुळं शोधत उड्या मारतो.

आपल्यासाठी किती जागा

रान आनंदासाठी घेतलंय, तेव्हा तिथे फिरायचं, बसायचं, रात्र काढायची हे ओघानेच आलं. पायवाट एकच माणूस जाईल इतकी अरुंद आणि वळणावळणाची ठेवा. एकूण जागेचा निदान तिसरा हिस्सा असा असू द्या जिथे वाट नाही आणि कुणी जात नाही. खोली बांधायची तर हद्दीजवळ, रस्त्याच्या बाजूला. आधी पंचायत आणि तहसिलीतून नियम विचारा. पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवायचं असेल तर तो शेतीचा वापर राहत नाही, जमिनीचं व्यपवर्तन, म्हणजे वापरात रीतसर बदल, करावा लागतो. जवळ अभयारण्य असेल तर त्याच्या इको सेन्सिटिव्ह झोनचे (अभयारण्याभोवतीच्या संरक्षित पट्ट्याचे) नियमही लागू होतात. बाहेर दिवे लावू नका. काजवे एकमेकांना प्रकाशाच्या खुणांनीच शोधतात, आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली त्या खुणा बुडून जातात.

महू-चोरल पट्ट्यात बिबटे आहेत. २०२३ मध्ये महूच्या परिसरात वाघही फिरत होता. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडायचं नाही, कुत्रं बाहेर बांधायचं नाही, उष्टं-खरकटं टाकायचं नाही. बिबट्याचा माग दिसला तर गर्दी जमवायची नाही, वन विभागाला कळवायचं. सापांमध्ये नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप लक्षात ठेवा. पावसाळ्यात बूट आणि टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका, जमिनीवर झोपू नका. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष असतं आणि रात्री तिथे जायला किती वेळ लागतो, हे पहिल्या मुक्कामाआधीच बघून ठेवा.

शेवटचा विषय घरातला आहे, आणि तो टाळला जातो. मुलं पुण्यात, बेंगळुरूत किंवा परदेशात. आपल्यामागे हे रान त्यांच्या दृष्टीने चार एकर विकाऊ जमीन असू शकते. त्यांना आधीच विचारा. नको असेल तर तसं स्पष्ट कळलेलं बरं, म्हणजे ज्याला हवंय असा भाचा, पुतणी किंवा सोबतीने घेतलेला मित्र यांच्या नावे नोंदणीकृत मृत्युपत्र करता येतं. एक फाइल तयार ठेवा: रजिस्ट्री, नामांतरणाचा आदेश, सीमांकनाचा पंचनामा, कोणत्या मोहाचं झाड कोणत्या घराचं आहे त्याची यादी, गवताबद्दल गावाशी काय ठरलंय ते, चौकीदाराचा पगार आणि घाणेरीचे कोणते पट्टे कोणत्या वर्षी काढले. यातल्या पहिल्या तीन गोष्टी तहसिलीत पुन्हा मिळतील, बाकीच्या फक्त तुमच्याकडेच असतात.